पातं उचलायची जागा

दर डिसेंबरात आम्ही जमतो
महामार्गाकाठच्या त्याच हॉटेलात.
गालिच्यात अजून गेल्या कुणाच्या तरी लग्नाची चकाकी.
छातीवर बिल्ला: नाव, नावाखाली काउंटी, काउंटीखाली हुद्दा.
माझ्या बिल्ल्यावर हुद्दे मावत नाहीत.
क्लार्क, करनिर्धारक, दस्तनोंदणी, निवडणूक,
आणि कडेला पेनने मीच वाढवलेलं: बॉयलर.

आमच्या काउंटीत माणसं चारशे एकोणीस.
परवा हार्लन वेसेलीच्या सुनेला मुलगी झाली,
म्हणजे वीस. नोंद करूनच निघाले.

हजेरी हुद्द्यांप्रमाणे. हाक आली की उभं राहायचं.
क्लार्क. उभी राहते.
करनिर्धारक. बसता बसता पुन्हा उठते.
तिसऱ्या वेळी मागच्या टेबलावरचे शेरीफ हसतात,
चौथ्या वेळी मी बसलेलीच नसते.
ओमाहाच्या बाजूने आलेत बावन्न जण,
एकट्या वाहन-विभागाचे अकरा.
त्यांच्यातली एक पोरगी जेवताना विचारते,
तुमच्याकडे रजा कोण मंजूर करतं?
मीच, म्हटलं. नाकारतेही मीच.

सकाळी मोऱ्यांवर व्याख्यान,
नळाचा व्यास आणि शंभर वर्षांतला एक पूर.
दुपारी संगणकातल्या चोरांवर. तोवर कॉफी संपलेली.
बाहेर विक्रेते: मिठाचे, मतयंत्रांचे, ग्रेडरच्या पात्यांचे.
फुकटची मोजपट्टी वाटतात
आणि सगळे दोन-दोन उचलतात,
जसं घरी मोजायचं फार काही राहून गेलंय.

मग सरत्या वर्षात गेलेल्यांची यादी.
अध्यक्ष नावं चुकीची वाचतात, नेमाने.
यंदा म्हणाले, क्लेटस क्रॅजिसेक.
क्रायचेक, मी पुटपुटले,
एवढ्या मोठ्याने की शेजारचा कोरोनर वळून बघायला लागला.

क्लेटस, पलीकडच्या काउंटीचा रस्ते-अधीक्षक.
एकतीस हिवाळे आम्ही कागदी घोडे नाचवले.
भांडण एवढंच:
सीमेच्या खांबापाशी आमचा ग्रेडर पातं उचलतो आणि वळतो.
पलीकडून त्यांचा येतो, तोही पातं उचलतो, तोही वळतो.
मधे काही फूट बर्फ उरतं
जे कुठल्याच काउंटीचं नाही.
तुमचं, असं मी लिहायची. तुमचं, असं तो लिहायचा,
खाली सही, सहीखाली प्रत माहितीस्तव.
बाकी ठिकाणी घोंगडी भिजत पडतात,
आमचं गोठलेलं होतं.

तरी शाळेची बस कधी तिथे अडली नाही.
मला वाटे, आमचा लॉइड उतरून फावडं मारत असेल,
बोलला नाही, स्वभावच तसा.

रात्री बारमध्ये क्लेटसच्या जागी आलेला पोरगा भेटला,
टीग नावाचा, सव्वीस वर्षांचा, टोपीला अजून कंपनीचा स्टिकर.
म्हणाला, त्यांच्या रोजकीर्दीत एक शब्द कळत नाही.
दर बर्फाच्या दिवशी, पहाटे पावणेपाच:
"खांब. फावडं. वीस मिनिटं."
खर्च टाकलाय किरकोळमध्ये.
हा कुठला खांब, तुम्हाला काही माहीत आहे?

मी ग्लासखालचा कागद सरळ केला.
त्याच दिवशी, नऊ वाजता,
त्याचं पत्र निघालेलं असायचं मला:
सदर भाग आमच्या हद्दीत येत नाही.

सोडतीत मला अर्धं हॅम लागलं.
टीगने फोनवर हवामान दाखवलं, गुरुवारी आठ इंच.
आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत राहिलो.
कुणीच म्हणालं नाही, मी बघते, मी बघतो.

परतताना खांबापाशी गाडी थांबवली.
वारा असा की दार दोन्ही हातांनी लावावं लागलं.
फुकटची मोजपट्टी काढली, एक टोक बुटाखाली दाबलं.
अकरा फूट, चार इंच.
एकतीस वर्षं पत्रांत आम्ही "अंदाजे दहा" लिहीत होतो.

आकडा कुठे नोंदवायचा, हे गाडीत बसूनही सुचेना.
चार रजिस्टरं माझ्या ताब्यात,
एकातही त्याला रकाना नाही.
मोजपट्टी गुंडाळली. हॅम मागच्या सीटवर घरंगळलं.
सोमवारच्या आत बॉयलर पेटवायचा होता.